चार इंचांचा चेंडू

काही वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टमध्ये आमच्या घरामागच्या डेकवर काव्यवाचनाचा कार्यक्रम झाला. मिनिआपोलिसच्या परिसरातल्या एका उपनगरात आम्ही राहतो. इथला उन्हाळा मोजून साडेतीन महिन्यांचा. त्यामुळे त्या दिवसांत जे काही करायचे ते उघड्यावर करण्याकडे सगळ्यांचा कल असतो. तीस-बत्तीस माणसे होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मी मंडळी कठड्याला टेकून उभी होती, मुले पायऱ्यांवर बसली होती. मर्ढेकरांपासून अरुण कोलटकरांपर्यंत बरेच काही वाचले गेले, चहा झाला, आणि सगळे सुखरूप घरी गेले. या शेवटच्या चार शब्दांत काही विशेष आहे, हे मला पुढच्या वसंतात कळले.

डेक ही वस्तू महाराष्ट्रातल्या वाचकाला चित्रपटांतून ठाऊक असेल. घराच्या मागच्या दाराला लागून, जमिनीपासून दोन-चार फूट किंवा अगदी मजलाभर उंचीवर, लाकडी खांबांवर उभारलेला फळ्यांचा उघडा चौथरा. भोवती कठडा, उतरायला पायऱ्या. ओटा, ओसरी, पडवी, गच्ची यांच्याच कुळातली ही वस्तू. फरक एवढाच, की ओटा रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि डेक रस्त्याकडे पाठ करून. ओट्यावर कोण येईल ते आपल्या हाती नसते. डेकवर बोलावल्याशिवाय कोणी येत नाही.

आमचा डेक घराबरोबरच आला होता. बारा फूट बाय सोळा फूट, जमिनीपासून साडेसहा फूट उंच. फळ्या मऊ पडू लागल्या म्हणून त्या बदलण्यासाठी एका सुताराला बोलावले. तो फळ्यांकडे न पाहता थेट खाली शिरला, बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आल्यावर त्याने विचारले, की यावर एका वेळी किती माणसे उभी राहतात? मी काव्यवाचनाचे सांगितले. तो काही बोलला नाही. मला खाली घेऊन गेला. डेकचे वासे घराच्या बाजूने ज्या आडव्या फळीवर टेकलेले असतात तिला इथे लेजर म्हणतात. ही फळी घराच्या सांगाड्याला जाड बोल्टांनी आवळलेली असावी लागते. आमची लेजर नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि मागे पाणी झिरपून त्यांतले बरेच खिळे गंजले होते. खिळ्यावर आडवा भार आला तर तो बऱ्यापैकी तग धरतो. पण त्याच्या लांबीच्या दिशेने ओढ बसू लागली, की हळूहळू उपसून येतो. फळी आणि भिंत यांच्या फटीत माझ्या करंगळीचे टोक जात होते.

नगरपालिकेत विचारणा केली तेव्हा समजले, की त्या पत्त्यावर डेकसाठी परवाना कधी मागितलाच गेला नव्हता. आधीच्या कोणा मालकाने एखाद्या उन्हाळ्यात चार मित्रांच्या मदतीने तो बांधून टाकला असावा. आता तो पाडून नवा बांधायचा, तर रीतसर नकाशे काढून परवाना घेणे आले. आमचे एक स्नेही म्हणाले, "अरे, कशाला त्यांच्या नादी लागतोस? आठ बोल्ट आण, शनिवारी मी येतो, दोघे मिळून आवळून टाकू. मागच्या अंगणात कोण बघायला येतंय?" खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. परवाना न घेण्यात केवळ पैसे वाचवण्याचा मोह नव्हता. त्यात एक सुसंस्कृत मौजही होती, आणि त्या मौजेविषयी लिहावे म्हणून हा लेख.

नोकरशाहीचा विषय निघाला, की आपण साहित्याची माणसे एका ठरावीक मुद्रेत जातो. काफ्काचे नाव निघते. कायद्याच्या दारापुढे जन्मभर ताटकळलेला त्याचा तो माणूस आठवतो. खिडकी क्रमांक चार, जेवणाची सुट्टी, साहेब जागेवर नाहीत, हे सारे ओघाने येते. मराठीत या मुद्रेला विनोदाची मोठी परंपरा आहे आणि तिच्यातले पुष्कळ सकसही आहे. बटाट्याच्या चाळीतल्या भाडेकऱ्यांनी गच्चीसाठी केलेली चळवळ वाचून न हसलेला मराठी वाचक सापडणे कठीण. तरीही, या मुद्रेची आता आपल्याला सवय झाली आहे. सरकारी कागद समोर आला, की तो वाचण्याआधीच आपण त्याचा उपहास करून मोकळे होतो. एका ओवीतल्या पाठभेदासाठी दहा पाने खर्च करणाऱ्या अभ्यासकाने नगरपालिकेच्या नियमांचे एक पानही धड न वाचता त्यांवर मत द्यावे, हे माझ्या मते आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही. मी स्वतः वीस वर्षे हेच केले आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

आणि या कामी ज्याला आपण साक्षीला बोलावतो तो काफ्का तरी काय करत होता? १९०८ पासून १९२२ पर्यंत तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेच्या प्राग येथील कार्यालयात नोकरीला होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रात चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा का वापरावा, चौकोनी दांड्याच्या फटीत कामगाराची बोटे नेमकी कशी सापडतात आणि कोणत्या सांध्यापाशी तुटतात, यावर १९१०च्या सुमारास त्याने सचित्र विवेचन लिहिले. ते आज उपलब्ध आहे. 'द ट्रायल'ची पाने लिहिली गेली तेव्हाही दिवसाची नोकरी तीच होती. म्हणजे न संपणाऱ्या दरवाजांची दहशत ज्याने आपल्याला दाखवली, तोच माणूस दिवसा लाकूडकामातल्या सुरक्षेचे नियम लिहीत होता, आणि ते काम तो नेटाने करत होता. त्याच्या या दोन लेखनांत विरोध आहे की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना परीक्षेत घालण्याजोगा आहे. आपण मात्र त्याचे रात्रीचे लेखन ठेवले आणि दिवसाचे टाकून दिले.

तर मी नियम वाचायला घेतले. अमेरिकेत साऱ्या देशाला लागू असा एकच बांधकाम कायदा नाही. 'इंटरनॅशनल कोड कौन्सिल' नावाची एक खासगी, ना-नफा संस्था नमुना म्हणून एक संहिता प्रसिद्ध करते. राहत्या घरांसाठीच्या संहितेची पहिली आवृत्ती २००० साली निघाली. दर तीन वर्षांनी ती सुधारली जाते, आणि राज्ये किंवा शहरे आपापले फेरफार करून तिला कायद्याचे रूप देतात. भाषा कोरडी, वाक्ये लांब, प्रत्येक कलमाला पोटकलम. पहिले काही दिवस मी ती पाने केवळ कर्तव्य म्हणून वाचली. मग कठड्याचे कलम आले.

जमिनीपासून ३० इंचांहून अधिक उंच असलेल्या डेकला कठडा हवा, तो किमान ३६ इंच उंच हवा, इथवर ठीक. पण कठड्याच्या दोन गजांत किती अंतर असावे हे सांगताना संहिता एकदम वेगळ्याच रीतीने बोलू लागते. ती म्हणते, की ४ इंच व्यासाचा गोल त्या कठड्यातून कोठेही पार जाता कामा नये. मला हे प्रथम विनोदी वाटले. हा चेंडू कोण घेऊन येणार, आणि तो कठड्यातून घालून पाहणार कोण? दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले, की हा चेंडू म्हणजे रांगत्या मुलाचे डोके. नुसते अंतर सांगितले असते तर गज आडवे, उभे, तिरपे, नक्षीचे, कसेही लावून त्यातून पळवाट काढता आली असती. चेंडू सगळ्या नक्ष्यांतून सारखाच जातो किंवा अडतो. अमेरिकेतल्या जुन्या संहितांत हीच मर्यादा ६ इंचांची होती. सहाचे चार होण्याच्या दरम्यान काय घडले असेल ते संहिता लिहीत नाही. तिला ते लिहिण्याची परवानगी नाही, असे म्हणू या.

एकदा हे दिसले, की बाकीची कलमेही वेगळी वाचता येऊ लागतात. पायरीचा चढ पावणेआठ इंचांहून अधिक नको. पाय ठेवायची जागा किमान १० इंच हवी. अंधारात, हातात परात घेऊन उतरणाऱ्या माणसाचे पाऊल या आकड्यांमध्ये आहे. लेजर उपसून येतील अशा खिळ्यांवर टांगू नये, हे तर कलमात स्पष्ट शब्दांत आहे. डेकच्या प्रत्येक चौरस फुटाने ४० पौंडांचा भार पेलला पाहिजे, हे वाचून मी हिशेब केला. आमचा डेक १९२ चौरस फुटांचा. म्हणजे ७,६८० पौंड, जवळजवळ साडेतीन हजार किलो. त्या ऑगस्टमधली सारी कविमंडळी, त्यांच्या वह्या आणि चहाचे थर्मास धरूनही, या आकड्यात आरामात बसत होती. प्रश्न वजनाचा नव्हताच. ते वजन भिंतीशी कशाने बांधले आहे याचा होता.

२९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीच्या मागच्या बाजूचे लाकडी सज्जे एकावर एक कोसळले. वर तरुण मुलामुलींची पार्टी चालू होती. १३ जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. ते बांधकाम परवाना न घेता झाले होते, असे शहराने नंतर सांगितले. मी ही बातमी तेव्हा वाचली होती आणि विसरलो होतो. लेजरच्या त्या फटीत बोट घातले त्या दिवशी ती परत आठवली, ती आजतागायत गेलेली नाही. अर्थात परवाना म्हणजे काही कवचकुंडले नव्हेत. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका रीतसर बांधलेल्या इमारतीची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत तुटली आणि ६ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. आतले लाकूड पाण्याने कुजून गेले होते. त्यानंतर २०१८ साली तिथल्या विधिमंडळाने बहुकुटुंबी इमारतींमधल्या अशा बाल्कन्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. म्हणजे संहितेत आणखी एक कलम वाढले.

कायद्याने असे पुढे पाहावे, ही कल्पना नवी नाही. पण ती आपोआप आलेलीही नाही. हामुराबीच्या शिलालेखात घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, आणि मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. तिथे कायदा ढिगाऱ्यापाशी उभा आहे. बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा घालायला सांगितले आहे. कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. पंडिता रमाबाईंनी हा सारा ग्रंथ मराठीत आणला, त्यात हे वाक्यही आलेच. शिक्षेकडून कठड्याकडे झालेला हा प्रवास मला नैतिक कल्पनाशक्तीतला फार मोठा बदल वाटतो. अजून न पडलेल्या माणसाविषयी त्यात काळजी आहे. आणि तो माणूस कोण असेल, पाहुणा, चोर की शेजाऱ्याचे पोर, याची चौकशी नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी या संहितेची आणखी एक गंमत आहे, ती तिच्या कर्तृत्वाची. टेक्सासमधल्या ॲना आणि सॅव्हॉय या दोन गावांनी एका संस्थेची नमुना-संहिता कायदा म्हणून स्वीकारली होती. पीटर व्हीक नावाच्या गृहस्थांनी ती आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवली, तेव्हा संस्थेने स्वामित्वहक्काचा भंग झाला म्हणून आक्षेप घेतला. २००२ साली पाचव्या विभागाच्या संघराज्य अपील न्यायालयाने निकाल दिला, की नमुना म्हणून ती संस्थेची असेल, पण गावाचा कायदा झाल्यावर तो मजकूर कोणाच्या मालकीचा राहत नाही. लेखकाच्या मृत्यूवर आपण इतके लिहितो. इथे एका न्यायालयाने तो रीतसर जाहीर केला आणि वारस म्हणून दोन गावे नेमली. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मधल्या काळात शिरलेले अपपाठ काढून मूळ वाणी राखण्यासाठी. या संहितेचा व्यवहार बरोबर उलटा आहे. तिच्यात प्रक्षेप हाच धर्म. दर तीन वर्षांनी अभियंते, सुतार, अग्निशमन दलाचे लोक, लाकूड विकणारे, नगरपालिकांचे तपासनीस, असे सारे आपापली ओवी घालू पाहतात. सगळ्यांचे हेतू शुद्ध असतात असे नाही. लाकूडवाल्याचे लाकूड खपायला हवे असते. पण हेही ज्ञानशाखांमध्ये काही अपूर्व नाही.

आता प्रत्यक्ष परवान्याचे. नकाशे मीच काढले. आलेखाच्या कागदावर, पट्टीने. पहिल्यांदा ते परत आले. पायऱ्यांचा चढ लिहिला नव्हता, लेजरच्या बोल्टांमधले अंतर दिले नव्हते, आणि खांबांच्या पायाची खोली जुन्या सवयीने मी अंदाजे धरली होती. प्रत्येक आक्षेपापुढे कलमाचा क्रमांक होता. संपादकांकडून साभार परत आलेल्या लेखांची मला सवय आहे, पण कारणासह परत आलेले लेख एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. दुसऱ्यांदा नकाशे परत आले ते एकाच आक्षेपासाठी, तोही माझ्याच बेरजेतली चूक. तिसऱ्यांदा शिक्का बसला.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. मग माणसे येऊन हिरवळीवर बारीक झेंड्या रोवून जातात: विजेला लाल, वायूला पिवळी, पाण्याला निळी, सांडपाण्याला हिरवी, टेलिफोनच्या तारांना नारिंगी. ज्या अंगणात आठ वर्षे आम्ही चहा प्यालो त्याच्या पोटात एवढे काही आहे याचा पत्ता नव्हता. मग खड्डे. मिनेसोटाच्या दक्षिण भागात पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो, उत्तरेत ६० इंच. थंडीत माती तेवढी खोल गोठते. गोठलेल्या ओल्या मातीला फुगवटा येतो आणि उथळ खांब ती वर ढकलते, सगळे खांब सारखे ढकलले जात नाहीत, आणि वर बांधलेले सारे पिळवटते. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर आले, गुडघ्यावर बसून एकेका खड्ड्यात त्यांनी टेप सोडला. तिसऱ्यात ३९ भरले. "अजून तीन," एवढेच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. सुताराने तीन इंच माती काढली. ते पुन्हा उतरले, पुन्हा गुडघ्यावर बसले.

या सगळ्यावरून मी नगरपालिकेची आरती ओवाळतो आहे असे कोणी समजू नये. त्याच परवान्यात कठड्याच्या शेजारी दुसऱ्या जातीची कलमे होती, आणि ती वाचताना मला चेंडू दिसला नाही. शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडावे, याची थोडीफार उपपत्ती आगीच्या भयात लागते; पण भूखंड किमान केवढा असावा, घर एकाच कुटुंबाचे असावे, अशा अटींचा उगम वेगळा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या 'मॅपिंग प्रेज्युडिस' या प्रकल्पाने मिनिआपोलिसच्या जुन्या खरेदीखतांतून हजारो अशा अटी शोधून काढल्या आहेत, की ज्यांनी कृष्णवर्णीयांना ते घर विकण्यास मनाई केली होती. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत होणारी अंमलबजावणी बंद केली. भूखंड आणि कुटुंब मोजणाऱ्या सभ्य भाषेतल्या अटी मात्र पुढेही टिकल्या. मिनिआपोलिस शहराने २०१८ साली मंजूर केलेल्या आराखड्यात केवळ एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेले विभाग रद्द केले, ते याच इतिहासाचे नाव घेऊन. आमच्या उपनगरात ते घडलेले नाही. म्हणजे एकाच शिक्क्याखाली दोन प्रकारचे मजकूर नांदतात. काही आकडे माणसाच्या देहावरून घेतलेले, काही शेजारी कोण नको यावरून. आणि दोन्हींची भाषा हुबेहूब सारखी, तीच कर्मणी क्रियापदे, तीच पोटकलमे. हे वेगळे करून वाचायला वाचक लागतो. वकील ते करत नाही, त्याला दोन्ही कलमे सारखीच बंधनकारक असतात. उपहासाने पाहणाऱ्याला तर दोन्ही सारखीच हास्यास्पद. शब्दांमागचा हेतू, गाळलेले कर्ते, दडवलेला इतिहास हे ओळखण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले आहे ते आपण आहोत, आणि आपण काफ्काचे नाव घेऊन चहा प्यायला गेलो आहोत.

आपल्या घरचे काय? मराठीतल्या बांधकाम-परवानगीच्या भाषेचा कोणी अभ्यास केला आहे का, मला ठाऊक नाही. व्हायला मात्र हवा. हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेला आपण 'सामासिक अंतर' म्हणतो, बांधता येणाऱ्या क्षेत्राला 'चटई'ने मोजतो. मुंबईत बांधकामाला जी संमती मिळते तिचे नाव वर्षानुवर्षे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना. या या अटी पुऱ्या होईपर्यंत आम्हांला हे पसंत नाही, असे सांगत परवानगी द्यायची. आणि मग तो अद्भुत शब्द, 'नियमाकुल'. अनधिकृत बांधकाम दंड भरून अधिकृत करणे म्हणजे ते 'नियमाकुल करणे'. 'नियमानुकूल' असा सरळ शब्द असताना शासकीय कागदांत हे रूप कसे रुळले कोण जाणे. व्याकरणाने पाहिले तर तो शोकाकुल, चिंताकुल यांचा सख्खा भाऊ: नियमाने व्याकूळ झालेला. २००१ साली गुंठेवारीसाठी कायदा झाला, पुढे मुदती वाढत गेल्या, आणि आधी बांधावे व मग व्याकूळ व्हावे ही आपली रीत झाली. गरिबाने केलेल्या अनधिकृत बांधकामामागे अनेकदा अधिकृत वाटच बंद असल्याचे कारण असते, हे मला मान्य आहे. पण मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी जी अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली, ती गरिबांनी बांधलेली नव्हती. गरीब तिच्यात राहत होते.

हे लिहिताना मला पुण्यातले आमचे घर डोळ्यांपुढून हलवता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, रस्त्यावर झेपावणारी बाल्कनी. नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, बाबांनी ती विटांनी आणि सरकत्या काचांनी बंद करून घेतली. परवानगी विचारली नव्हती. इमारतीत कोणीच विचारली नव्हती. ती खोली मला मिळाली. तिच्यात मी तीन भिंतींना छतापर्यंत लोखंडी मांडण्या लावल्या आणि पुढची दहा वर्षे त्या भरत गेलो: दिवाळी अंक, नियतकालिकांचे बांधीव खंड, रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली पुस्तके. मी इथे आल्यावर बाबांनी त्यांत भर घातली. मी जो काही वाचक झालो तो त्या खोलीत. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरला आहे, बाल्कनीसाठी ३. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीसाठी ६, तेही मांडणी २.२ मीटर उंचीची असेल तर. ते पान मी डेकच्या कामाच्या नादात उघडले होते. शिवाय तिथे एका कडेने विटांची भिंत उभी आहे, ती त्या स्लॅबच्या आराखड्यात कधीच नव्हती. खाली रिक्षा उभ्या असतात.

जूनच्या अखेरीस इन्स्पेक्टर शेवटच्या तपासणीला आले. त्यांच्या हातात खरोखरच चेंडू नव्हता. फक्त टेप होता. कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, पायऱ्या मोजल्या, खाली जाऊन लेजरचे बोल्ट एकेक करून पाहिले आणि दाराच्या काचेला लावलेल्या कार्डावर सही केली. आमचे ते स्नेही त्या संध्याकाळी आले होते. ते म्हणाले, "छान झालाय हो, पण नुसत्या आठ बोल्टांतही झालं असतं."

त्याच रात्री मी पुण्याला फोन केला. बाल्कनीतली पुस्तके आतल्या खोलीत हलवावीत आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे, असे बाबांना सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते.

"तीस वर्षं झाली त्याला," ते म्हणाले. "काही झालं का आजवर?"

"नाही, बाबा."

"मग? आणि सगळ्यांच्याच बंद आहेत की. वरच्यांची पण, खालच्यांची पण."

वरच्या बाल्कनीचे मी धरलेच नव्हते. डिसेंबरची तिकिटे काढली आहेत. तोवर निदान नियतकालिकांचे खंड तरी खाली उतरवून ठेवायला सांगितले आहेत. आई म्हणते, दिवाणखान्यात आता बसायला जागा उरलेली नाही.